पिकवतो काय, खातो काय?

(कापूस व ज्वारी उत्पादक शेतकऱ्यांच्या जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून इथं भावाची चर्चा चालली आहे आणि ती चालायलाच पाहिजे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारनं जाहीर केलेले हमीभाव तुम्हाला पाठ आहेत. मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१०, लांब धाग्याला ८,११०, सोयाबीनला ५,३२८, तुरीला ८,०००, संकरित ज्वारीला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये. कागदावरचा हा आकडा आणि अडत्याच्या पट्टीवरचा आकडा यांत किती अंतर पडतं, हे तुम्ही मला सांगायचं, मी तुम्हाला नाही. आधीच्या वक्त्यांनी ते सगळं मांडलं आहे. मला वेगळा विषय दिला आहे. आपण खातो काय, हा तो विषय. पुरुष माणूस चुलीवर बोलायला उभा राहिला म्हणून मागच्या सतरंजीवर हसू फुटलं आहे. हसा, पण ऐका. कारण मला जे बोलायचं आहे ते निम्मं तुमच्याशी आणि निम्मं पुढं बसलेल्या मंडळींशी आहे. घरात काय शिजायचं हे तुम्ही ठरवता. पण शेतात काय पेरायचं हे अजून तरी बहुतेक घरांत हीच मंडळी ठरवतात, आणि जे पेरलंच नाही ते शिजणार कुठून?

दूध झाडाचं

सुरुवात शहरातून करतो. पुण्या-मुंबईला शिकायला, नोकरीला गेलेली आपली पोरं सुटीत आली की सांगतात, तिथं दुकानात बदामाचं दूध मिळतं, ओटचं दूध मिळतं, सोयाबीनचं दूध मिळतं. खोक्यात बंद, लिटरला दोनशे-तीनशे रुपयांच्या घरात. गाय नाही, म्हैस नाही, धार काढायची कटकट नाही. आपल्याला वाटतं शहरातल्या लोकांचे चोचले. काही प्रमाणात आहेतच. पण नुसतं हसून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. त्यातली दोन-तीन दुधं आपल्या शेतात उभी आहेत.

हे दूध करतात कसं? दाणा भिजवायचा, पाण्यात वाटायचा, गाळायचा, उकळायचा. कोकणातल्या बाया नारळाचं दूध असंच काढतात आणि सोलकढीत घालतात. कुरडया करायला गव्हाचा चीक आपणही काढतोच. ओटचं दूध म्हणजे याच कामाचा कारखाना. ओट हे थंड मुलखातलं धान्य, आपल्याकडे बहुतेक जनावरांचा चारा म्हणून लावतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात रिकार्ड ऑस्टे नावाच्या शास्त्रज्ञानं विशिष्ट पाचक द्रव्यं वापरून ओटच्या पिठातला स्टार्च पातळ आणि गोडसर करण्याची रीत बसवली. १९९० च्या दशकात त्यातून ओटली ही कंपनी निघाली, आणि २०२१ साली ती अमेरिकेच्या शेअर बाजारात उतरली. पीठ पाण्यात कालवून, ते पचायला सोपं करून प्यायचं, हे ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? आंबील. आपली आंबील ताकाच्या नाहीतर आंबवणाच्या जोरावर होते, त्यांची कारखान्यातल्या द्रव्यावर. आंबीलीचा शेअर अजून बाजारात आलेला नाही.

हे दूध निघालं ते गरजेतून, हे सांगायला पाहिजे. गाई-म्हशीच्या दुधात एक साखर असते, लॅक्टोज. ती पचवायला लागणारा रस तान्हेपणी सगळ्यांच्या पोटात असतो. मोठं झाल्यावर जगातल्या निम्म्याहून जास्त माणसांचा तो कमी होतो. मग दूध प्यायलं की पोट गुडगुडतं, फुगतं, जुलाब होतात. आपल्यातही असे पुष्कळ आहेत. पण आपल्याकडे जुनी तोड आहे. दूध विरजलं की त्यातली बरीच साखर जंतूच खाऊन टाकतात. म्हणून ज्याला दूध सोसत नाही त्याला दही-ताक बहुधा सोसतं. ज्याला दूध सोसतं आणि घरात दुभतं आहे, त्यानं शहराची नक्कल करत दूध सोडण्याचं काही कारण नाही.

आता त्या खोक्यांत असतं काय? म्हशीच्या १०० ग्रॅम दुधात साडेतीन ग्रॅमच्या वर प्रथिनं, सहा-साडेसहा ग्रॅम स्निग्ध आणि १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. सोयाबीनचं दूध प्रथिनांत त्याच्या जवळ जातं, तीन ग्रॅमच्या आगेमागे. कॅल्शियम मात्र वरून घातलं तरच. ओटच्या दुधात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास. बदामाच्या बऱ्याच दुधांत बदाम शंभराला दोन-तीन ग्रॅम इतकेच, बाकी पाणी. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात ते छापलेलं असतं. लिटरभर बदामाचं दूध घेण्यापेक्षा मूठभर शेंगदाणे चावून खा. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं आहेत. (मागून कोणी म्हणतंय, दात नाहीत. मग कूट करून खा, मावशी.)

याला दूध म्हणायचं की नाही यावर जगभर भांडण झालं. युरोपच्या न्यायालयानं जून २०१७ मध्ये एका जर्मन कंपनीच्या खटल्यात निकाल दिला की वनस्पतीच्या पेयाला दूध म्हणून विकता येणार नाही. नारळाच्या दुधासारखे जुने अपवाद तेवढे ठेवले. आपल्याकडेही अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमात दूध म्हणजे जनावराचं दूध, आणि २०२१ साली ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगण्यात आलं की ही पेयं दुधाच्या रांगेतून काढा. दूध उत्पादकाच्या बाजूनं हे बरोबरच आहे, गिऱ्हाईकाची फसगत नको. आपण मात्र शेतात उभं राहून कणसाचा दाणा दुधात आला म्हणतो, ते म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही.

वर्धा आणि मदुराई

दुधाला पर्याय शोधायचं काम आपल्याच मुलखात फार आधी होऊन गेलं आहे. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडलं. १९१८ मध्ये खेड्याच्या कामात असताना ते इतके आजारी पडले की डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. व्रत आडवं आलं. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली की व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती. तिथून शेळीचं दूध सुरू झालं. पण बोच राहिली. १९३५ साली वर्ध्याला मगनवाडीत असताना त्यांनी सोयाबीनचे प्रयोग केले आणि हरिजनमध्ये त्यावर लिहिलं. लक्षात घ्या, विदर्भात सोयाबीन शेतात दिसायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी ते वर्ध्याच्या एका स्वयंपाकघरात शिजत होतं. आज ते लाखो हेक्टरांवर आहे आणि स्वयंपाकघरात नाही.

दुसरी गोष्ट कापूसवाल्यांना नवलाची वाटेल. तमिळनाडूत, मदुराईच्या रस्त्यांवर संध्याकाळी एक गरम पेय विकतात, परुत्तिपाल. परुत्ति म्हणजे कापूस, पाल म्हणजे दूध. सरकी भिजवतात, वाटतात, गाळून तिचं दूध काढतात, तांदळाचं पीठ घालून शिजवतात, गूळ, सुंठ, वेलची, वरून खोबरं. सरकीचं दूध, माणसानं प्यायचं!

उद्या कोणी घरी जाऊन सरकी भिजत घालेल म्हणून इथंच थांबवतो. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. कीड-रोगापासून कपाशीचं झाड स्वतःला वाचवतं ते काही अंशी त्याच्यावर. रवंथ करणारी मोठी जनावरं ते पुष्कळसं पचवतात, कोंबडी, डुक्कर आणि माणूस पचवत नाही. चीनमध्ये काही खेड्यांत कच्चं सरकी तेल खाण्यात आल्यानं पुरुषांना मूल होईना, तेव्हा कुठं हे लक्षात आलं, आणि पुढं १९७० च्या दशकात तिथं त्याची पुरुषांच्या संततिनियमनाची गोळी करून बघण्यात आली. ते दुष्परिणामांमुळे बारगळलं. बाजारात मिळतं ते सरकीचं तेल रिफाईन करून गॉसिपॉल काढलेलं असतं. आणि पाकिटातल्या बियाण्याच्या सरकीला तर औषध चोळलेलं असतं, तिला माणसानं काय, जनावरानंही तोंड लावायचं नाही. मदुराईचं पेय मदुराईच्या लोकांना लखलाभ, आपण त्या वाटेनं जायचं नाही.

पण संशोधन या दिशेनं चाललं आहे. अमेरिकेत टेक्सासच्या विद्यापीठात कीर्ती राठोड या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानं अशी कपाशी तयार केली की जिच्या पानात-देठात गॉसिपॉल आहे आणि सरकीत अगदी नगण्य. तिथल्या सरकारनं २०१८ मध्ये तिच्या लागवडीला आणि २०१९ मध्ये तिची सरकी अन्न म्हणून खायला मान्यता दिली. हे कशासाठी सांगतो? क्विंटलभर कापसातून रुई निघते ३३ ते ३५ किलो. साठ किलोंच्या वर सरकी असते. वजनाच्या हिशेबानं आपण आधी सरकी पिकवतो आणि मग कापूस. जगात कुठं तरी त्या सरकीकडे माणसाचं अन्न म्हणून बघतात. आपल्याकडे असं वाण यायचं की नाही हा निर्णय शेतकऱ्याला विचारून व्हावा, एवढं माझं म्हणणं. तंत्रज्ञानाचं दार बाहेरून कडी लावून बंद करायचं आणि आत शेतकऱ्याला परंपरा शिकवायच्या, हे मला पटत नाही.

आपलं दुधाचं झाड

मग आपल्याकडे झाडाचं दूध नव्हतंच का? होतं. ज्वारीचा कडबा आणि सरकीची ढेप. या दोन वनस्पती गव्हाणीत एकत्र येत होत्या आणि म्हशीच्या कासेतून दूध होऊन बाहेर पडत होत्या. कोरडवाहू मुलखात हिरवा चारा बारमाही नाही. उन्हाळ्यात दुभतं टिकायचं ते कडब्याच्या गंजीवर. ती गंजी गेली.

का गेली, याचं खरं कारण सांगायला पाहिजे, कारण शहरात एक नवीन तक्रार ऐकू येते की शेतकऱ्यानं पैशाच्या लोभानं ज्वारी सोडली. १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. उत्पन्न वाढलं, पण ताट बुटकं झालं, कडबा कमी झाला. ती लवकर यायची, म्हणजे दाणा भरायचा तोच नेमका परतीच्या पावसात सापडायचा. काळी पडलेली ज्वारी बाजारात कोणी विचारत नाही. पाखरं राखायची, रानडुकरं हाकलायची, कापणी-खुडणीला मजूर शोधायचे, आणि एवढं करून भाव काय, तर रेशनवर गहू-तांदूळ येतो त्याच्या पुढं ज्वारीला विचारतो कोण. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट झालं. गरिबाला धान्य मिळालं याबद्दल माझी तक्रार नाही, इथं बसलेल्या कितीतरी घरांत ते येतं. पण सरकारनं विकत घेतलं गहू आणि तांदूळ, वाटलं गहू आणि तांदूळ, आणि ज्वारीला २०२३ च्या अर्थसंकल्पात नाव दिलं 'श्री अन्न'. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्षही झालं. सोहळे झाले, हुरडा पार्ट्या झाल्या. पन्नास वर्षांपूर्वी देशात दीड कोटी हेक्टरांच्या वर ज्वारी होती, ती आता चाळीस लाखांच्या आसपास आहे. नावापुढं श्री लावल्यानं क्षेत्र वाढत नाही.

कडबा गेला तसं दुभतं गेलं. आता गावात सकाळी दुधाची पिशवी येते, चहापुरती. देश १९९८ पासून दूध उत्पादनात जगात पहिला आहे आणि आपल्या पोरांच्या वाट्याला चहातलं दूध.

रंग पुष्कळ, धान्य एक

लोक म्हणतात, पूर्वी खायला होतं काय, आता किती प्रकार मिळतात. गावातल्या किराणा दुकानासमोर जरा उभं राहून बघा. दोऱ्याला लटकवलेल्या पाच-पाच रुपयांच्या पुड्या. तीस-चाळीस प्रकार असतील, लाल, हिरवे, पिवळे. मागे वाचा काय लिहिलं आहे ते. मैदा, मका, बटाटा, तांदळाचं पीठ, पाम तेल, साखर, मीठ. तीच सहा-सात नावं सगळीकडे. प्रकार आहेत ते पुडीच्या रंगाचे. आणि पाम तेल आलं कुठून? परदेशातून. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, आणि आपण इथं तीळ, जवस, करडई, भुईमूग मोडून बसलो आहोत.

आता तुमच्या वडिलांच्या कपाशीचं वावर आठवा. कपाशीच्या तासांत तुरीचं तास, मध्ये ज्वारीची चार ताटं, कडेनं अंबाडी, कुठं चवळी, मूग, उडीद, धुऱ्यावर तीळ, वाळकाचा वेल, दोडक्याचा वेल. निंदायला गेलेली बाई परत येताना ओट्यात घोळ, तरोटा, चिवळ, कुर्डूची भाजी घेऊन यायची, एक पैसा न मोजता. तणनाशक मारलं की निंदणाचा पैसा वाचतो, हे खरं आणि मजूर मिळत नाही हेही खरं. पण तणाबरोबर ती भाजी गेली, आणि त्या भाजीतलं लोह विकत आणायला कोणी बाजारात जात नाही.

त्याचा हिशेब कुठं लागला आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५७ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. इथं मागे दोनशे बाया बसल्या असतील, तर शंभरावर बायांना ही गोष्ट लागू आहे. कापूस वेचताना चक्कर येते, धाप लागते, ती सवयीची म्हणून अंगावर काढता ना? ती सवय नाही. तपासून घ्या, गोळ्या दिल्या तर पूर्ण घ्या. आणि एक फुकटची गोष्ट: जेवणावर लगेच चहा घेऊ नका. चहामुळे भाकरीतलं, भाजीतलं लोह अंगाला लागत नाही. तास-दोन तास जाऊ द्या. जेवताना लिंबू, चिंच नाही, लिंबूच, नाहीतर आवळा, कच्चा टोमॅटो असेल तर तेच लोह जास्त लागतं.

दुसरीकडे साखर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. देशात १० कोटींच्या वर मधुमेही. शहरात सोळा टक्क्यांच्या वर, खेड्यात नऊ टक्क्यांच्या जवळ. पण मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक शहरात आणि खेड्यात जवळपास सारखेच, शेकडा पंधरा. म्हणजे येत्या काळात हा आजार शहराचा राहणार नाही.

तर मग ज्वारीची भाकर खाल्ली की साखर जाते का? असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मी सांगणार नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅम प्रथिनं, दहा ग्रॅम चोथा, चार मिलिग्रॅमच्या आसपास लोह. पांढऱ्या तांदळात प्रथिनं आठ ग्रॅम, चोथा तीनच्या आत, लोह एक मिलिग्रॅमही नाही. तांदळापुढे आणि मैद्यापुढे ज्वारी कितीतरी सरस. पण कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठापुढे आकडे जवळपास सारखेच आहेत. मधुमेह्यानं ज्वारी म्हणून चारच्या जागी सहा भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. भाकर अर्धी कमी करा आणि तिथं वरण आणि भाजी वाढवा, हे खरं पथ्य आहे. गोळी चालू असेल तर ती डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. ज्वारीच्या नावावर गोळी बंद करणाऱ्यांचे पाय गेलेले मी बघितले आहेत.

नुसत्या ज्वारीचं एक काळं पान आहे तेही सांगतो. १९६० च्या सुमारास हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग नोंदवला. उन्हात उघडी राहणारी मानेची, हाताची कातडी काळी पडून सोलायची, हगवण लागायची, डोकं भ्रमायचं. गरीब माणूस तिन्ही त्रिकाळ ज्वारी आणि मिरचीच खात होता, डाळ नाही, दूध नाही, भाजी नाही. एकट्या ज्वारीवर शरीर चालत नाही. तिच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी आहे, तो डाळीत भरपूर असतो. म्हणून खानदेशातल्या बायांनी ज्वारीत उडीद घालून कळणा दळला. त्यांना लायसिन कोणी शिकवलं नव्हतं, पण कळण्याच्या भाकरीनं अंगात ताकद राहते हे कळत होतं. आपली भाकर आणि तुरीचं वरण, भाकर आणि झुणका ही तीच जोडी. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो खाल्लेली मंडळी इथं आहेत, त्यांना विचारा, नुसतं धान्य पोटात गेल्यानं काय होतं ते.

सोयाबीन पोत्यात, सोयाबीन पोटात

आता मुख्य मुद्द्यावर येतो. २०२४ च्या दिवाळीला सोयाबीन हमीभावाच्या खाली विकलं गेलं, ते आपण सगळ्यांनी सोसलं. किलोभर सोयाबीनमध्ये ३६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे नऊ-दहा लिटर म्हशीच्या दुधाइतकी. हमीभावानं धरलं तरी त्रेपन्न रुपयांत! आपण ती पोत्यात भरून देतो आणि घरी पोराला चहा-बिस्किट देतो. वर्षभर सोयाबीन पिकवणाऱ्या घरात दहा किलो सोयाबीन खाण्यासाठी ठेवलेलं मी क्वचित बघितलं.

खात नाही त्याला कारण आहे. उग्र वास येतो आणि पोट बिघडतं. दोन्हीवर उपाय आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडथळा करणारा घटक असतो, तो उकळल्याशिवाय जात नाही. आणि वास येतो तो थंड पाण्यात वाटल्यानं. म्हणून दूध करायचं ते असं. सोयाबीन बाजारासाठी फवारणी केलेल्या गोदामातलं नको, घरचं, स्वच्छ. रात्री भिजत घाला. सकाळी चोळून सालं काढा, ती पाण्यावर तरंगतात. मग उकळतं पाणी घालत वाटा. फडक्यातून गाळा. गाळलेलं दूध सतत ढवळत चांगली वीस मिनिटं उकळा, उतू फार जातं, मोठं पातेलं घ्या. किलोभरातून सात-आठ लिटर दूध निघतं. चोथा टाकायचा नाही, थालीपिठात घाला. लिंबू पिळून फाडलं तर पनीर. जास्तीचं ठेवू नका, साध्या दुधासारखंच नासतं. ज्यांना एवढी खटपट नको त्यांनी सोयाबीन वीस-पंचवीस मिनिटं उकळून, उन्हात खडखडीत वाळवून, नऊ किलो ज्वारी किंवा गव्हात एक किलो घालून दळून आणावं. कच्चं घालायचं नाही. दाखवायला नवऱ्याला सांगायची गरज नाही, कळत नाही.

या दुधात कॅल्शियम कमी आहे, ते तिळात आणि शेवग्याच्या पाल्यात भरपूर आहे. आणि बी-१२ नावाचं जीवनसत्त्व कोणत्याच झाडात नाही. जे मांस-अंडी खातात त्यांना काळजी नाही. माळकरी मंडळींनी मात्र दही-ताक सोडायचं नाही.

आणि एक अगदी कडक सूचना. तान्ह्या पोराला यातलं कोणतंच दूध आईच्या दुधाच्या जागी द्यायचं नाही. सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. पुढं वरचं अन्न सुरू करा, आईचं दूध चालू ठेवा. अमेरिकेत २००१ साली डॉक्टरांनी नोंदवलं आहे की आरोग्याचं म्हणून लहान मुलाला तांदळाचं दूध पाजत राहिल्यानं ते कुपोषणानं सुजलं. शिकलेल्या, खात्यापित्या घरातलं मूल. पाण्याला पांढरा रंग आला म्हणजे ते दूध होत नाही. ज्वारीला मोड आणून पोरांसाठी सत्त्व करणाऱ्या बायांनीही एक ध्यानात ठेवावं. पाण्याच्या ताणावरची कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं ते ज्या विषानं, ते कोवळ्या कोंबातही असतं. मोड वाळवून, चोळून पूर्ण काढून टाकायचे, दाणा भाजायचा, मग दळायचा.

तरुण मंडळींपैकी काही जण मला विचारत होती, सोयाबीन दुधाचा कारखाना टाकू का. लिटरला आठ रुपयांचं सोयाबीन आणि बाजारात शंभराच्या वर किंमत, हे बघून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. मधले पैसे जातात ते जंतुमुक्त भरणीच्या यंत्राला, खोक्याला, वाहतुकीला आणि जाहिरातीला. गिऱ्हाईक शहरात आहे आणि थोडं आहे. बँकेचं कर्ज काढून त्यात उडी मारू नका. तालुक्याच्या ठिकाणी हॉटेलांना रोजचं पनीर देता येतं का हे आधी महिनाभर करून बघा, अन्न सुरक्षेची नोंदणी करून. घेणारा पक्का झाला तर यंत्र घ्या.

ज्वारीचं मात्र मी हिशेबानं सांगतो. पाच माणसांच्या घराला वर्षाला साडेचार क्विंटलच्या आसपास धान्य लागतं. निम्मी ज्वारी धरली तर सव्वादोन क्विंटल. एकरी पाच-सहा क्विंटल धरली तरी अर्धा एकर पुरतं, वर कडबा. विकायला पेरू नका. भाव मिळत नाही तोवर सरकारच्या श्री अन्नासाठी आपण घाम गाळायचं कारण नाही. खायला पेरा. त्यात चार तासांआड तूर, कडेला अंबाडी आणि तीळ. बाकी सगळं रान कपाशीला द्या, सोयाबीनला द्या, जिथं चार पैसे दिसतात तिथं द्या.

येत्या खरिपात किती घरं हा अर्धा एकर ठेवणार, त्यांची नावं गाववार लिहून घ्यायची आहेत. वही दाराजवळच्या टेबलावर आहे. नाव घरधन्याचं एकट्याचं लिहायचं नाही, दोघांचं लिहायचं, म्हणजे पेरताना विसर पडणार नाही. बियाण्याची मागणी त्या वहीवरूनच करू. आता जेवण आहे. कळण्याची भाकर, तुरीचं वरण, जवसाची चटणी आणि लिंबू. सोयाबीनचं दूध सकाळी इथंच केलं आहे, आतल्या खोलीत मोठ्या पातेल्यात आहे, गूळ वेगळा ठेवलाय. वास येतो का ते पुरुषांनी आधी सांगायचं. चहा दोन तासांनी.